वाचक विचारतात : साइट हलवली आणि अक्षरं बिघडली

या वेळी स्वतःची साइट स्वतः सांभाळणाऱ्या हौशी मंडळींचे पाच प्रश्न घेतले आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण बिघडलेला मराठी मजकूर घाईत दुरुस्त करायला गेलं की तो कायमचा हातचा जातो.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाची साइट नव्या होस्टिंगवर हलवली. मेनू नीट दिसतो, पण डेटाबेसमधले अभंग विचित्र रोमन अक्षरांत दिसतात. सगळे पुन्हा टाइप करावे लागतील का?
– वाचिका, फोंडा

उत्तर : बहुतेक नाही. आधी एक करा : या अवस्थेत एकही पान उघडून सेव्ह करू नका, आणि आहे तसा डेटाबेस कॉपी करून बाजूला ठेवा.

मग पडद्यावर नेमकं काय दिसतंय ते पाहा, त्यावरून रोग कळतो. माथ्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, त्याच्यामागे येनचं चिन्ह किंवा चारी कोपऱ्यांना काड्या फुटलेलं बारीक वर्तुळ, मग आणखी एखादं अक्षर, अशी तीन-तीनची माळ असेल तर मजकूर शाबूत आहे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात, काना-मात्रेलाही. त्यांतला पहिला कायम तोच आणि दुसरा दोहोंपैकी एक असतो, म्हणून ती माळ इतकी ठरावीक दिसते. ते बाइट कुठेतरी लॅटिन-१ या जुन्या, रोमन अक्षरांच्या संकेत-तक्त्याने वाचले जाताहेत, एवढंच. नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर मात्र आयात करतानाच अक्षरं गळाली. ती जुन्या सर्व्हरवरूनच आणावी लागतील. रिकामे चौकोन म्हणजे फॉन्टमध्ये देवनागरी नाही, मजकुराला धक्का लागलेला नाही.

जुना सर्व्हर चालू असेल तर तिथून ताजा डंप, म्हणजे सगळ्या डेटाबेसची टेक्स्ट फाइल, काढा. तो काढणाऱ्या मायएसक्यूएल-डंप या आज्ञेला डीफॉल्ट कॅरेक्टर सेट लॅटिन-१ द्या आणि स्किप-सेट-कॅरसेट हा पर्याय जोडा, म्हणजे बाइट जसेच्या तसे बाहेर येतात. ती फाइल साध्या टेक्स्ट एडिटरात उघडा. मराठी सरळ वाचता आली, तर डेटाबेसचे तक्ते (टेबल) बनवण्याच्या ओळींत लॅटिन-१ च्या जागी यूटीएफ-८-एमबी-४ घाला, कोलेशन (अक्षरांच्या क्रमवारीचा नियम) लॅटिनचं असेल तर तेही बदला, आणि त्याच कॅरेक्टर सेटने रिकाम्या डेटाबेसमध्ये आयात करा. कोलेशन विसरलात तर आयात पहिल्याच तक्त्यावर अडते. फाइलमध्ये प्रश्नचिन्हं आली, तर जुने तक्ते मुळातच यूटीएफ-८ होते. मग तोच डंप लॅटिनऐवजी यूटीएफ-८-एमबी-४ देऊन पुन्हा काढा.

नुसतं ‘यूटीएफ-८’ का नको? मायएसक्यूएलमध्ये त्या जुन्या नावाखाली एका चिन्हाला ३ बाइटच मिळतात. देवनागरी त्यात बसते, इमोजी ४ मागतो. सैल सेटिंगच्या जुन्या सर्व्हरवर कुणी अभिप्रायात हात जोडलेला इमोजी टाकला, की तिथून पुढचा मजकूर कापला जातो. बदल करताना २५५ लांबीच्या रकान्याचा इंडेक्स (शोधसूची) नाकारला गेला, तर इंडेक्सपुरती लांबी १९१ ठेवा. जुन्या सर्व्हरवर मर्यादा ७६७ बाइटांची असते, आणि १९१ चोक ७६४.

दुरुस्तीनंतर साइटच्या शोधात ‘दुसऱ्या’ टाकून पाहा. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो : एका कळफलकावर ऱ आणि हलन्त, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि अर्धे अभंग शोधात येत नाहीत. सगळीकडे ऱ चं रूप करून घ्या.

प्रश्न : व्हीपीएसवरच्या (भाड्याच्या आभासी सर्व्हरवरच्या) साइटला लेट्स एन्क्रिप्टचं सुरक्षा-प्रमाणपत्र घातलं. तीन महिने छान चाललं, आता ब्राउझर ‘असुरक्षित’ म्हणतो.
– वाचक, म्हापसा

उत्तर : ते प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. ३० दिवस उरले की ते आणणारा सर्टबॉट हा प्रोग्रॅम नूतनीकरणाला लागतो. म्हणजे एक तर त्याचा टायमर बंद आहे, नाहीतर महिनाभर प्रयत्न फसत होते. सर्टबॉट रिन्यू ही आज्ञा ड्राय-रन (नुसती रंगीत तालीम) या पर्यायासह चालवा. ती चाचणी खऱ्या मर्यादेत धरली जात नाही. खरी आज्ञा पुन्हा पुन्हा मारत बसलात, तर तासाभरात ५ अपयशांवर दार बंद होतं.

दोष बहुधा तीन जागी असतो. सगळी ये-जा ४४३ या सुरक्षित पोर्टवर नेली म्हणून फायरवॉलमध्ये ८० नंबरचा पोर्ट बंद केला जातो, आणि पडताळणी तर तिथूनच सुरू होते. किंवा डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या नोंदवहीत) आयपीव्ही-६ या नव्या प्रकारच्या पत्त्याची जुनी नोंद राहिलेली असते. ती असली की पडताळणी आधी तिकडेच जाते आणि तिला जुना सर्व्हर भेटतो. तिसरी गंमत अशी की प्रमाणपत्र नवं आलेलं असतं, पण एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर रीलोड न केल्याने तो जुनंच दाखवत राहतो. मुदत संपत आल्याच्या ई-मेल लेट्स एन्क्रिप्टने २०२५ मध्ये बंद केल्या, तेव्हा आठवण स्वतःच्या कॅलेंडरात लावा.

प्रश्न : गणेशचवथीला गणपतीच्या वर बांधतात त्या माटोळीतल्या फळा-पानांची साइट करते आहे. एका पानावर ४० फोटो आहेत. मोबाइलवर उघडता उघडत नाही.
– वाचिका, डिचोली

उत्तर : फोनचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, ३ ते ५ एमबीचा असतो. सीएसएसने तो लहान दाखवला तरी फाइल पूर्णच उतरते. मोबाइलच्या पडद्याला १२०० पिक्सेल रुंदी पुरते. वेबपी प्रकारात, ७५ गुणवत्तेवर तोच फोटो बहुधा ३०० केबीच्या आत बसतो. पानांची गर्दी असलेला फोटो थोडा जड राहील, तो राहू द्या. शिरा पुसट झाल्या तर वनस्पती ओळखणार कशी?

सीवेबपी या आज्ञेने थेट रूपांतर केलं की उभे फोटो आडवे पडतात, कारण फोन दिशा वेगळ्या नोंदीत लिहितो आणि ती नोंद रूपांतरात गळते. आधी इमेजमॅजिक या प्रोग्रॅमचा ऑटो-ओरिएंट चालवा, तोही प्रतींवर. त्यातली मॉग्रिफाय ही आज्ञा मूळ फाइलवरच लिहिते. त्याच नोंदींत फोटो घेतल्याचं ठिकाणही असतं. माटोळी लोकांच्या घरात बांधलेली असते, म्हणून मूळ फोटो साइटच्या फोल्डरात अजिबात ठेवू नका.

प्रत्येक चित्राला रुंदी-उंची लिहा, नाहीतर वाचताना पान उड्या मारतं. पहिला फोटो सोडून बाकीच्यांना लेझी लोडिंग द्या, म्हणजे ते पडद्याजवळ आल्यावरच उतरतात. फाइलींची नावं रोमन, लहान लिपीत ठेवा. ‘कवंडळ’ या ५ चिन्हांच्या नावाची पत्त्यात ४५ अक्षरं होतात. आणि विंडोजवर चालणारं मोठ्या लिपीतलं ‘जेपीजी’ लिनक्स सर्व्हरवर सापडत नाही.

प्रश्न : घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर साइट ठेवली. घरात दिसते, बाहेर नाही. शिवाय पावसात वीज सारखी जाते.
– वाचक, काणकोण

उत्तर : राउटरच्या पानावर वॅन (बाहेरच्या इंटरनेटकडचा) पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एकाने सुरू होत असेल, तर तुम्ही कंपनीच्या सामाईक पत्त्यामागे आहात. पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरची मागणी घरातल्या यंत्राकडे वळवण्याचा) काही उपयोग नाही. क्लाउडफ्लेअर टनेलसारखा मार्ग चालतो, कारण त्यात जोडणी आतून बाहेर जाते. तपासणी मात्र वायफाय बंद करून मोबाइल डेटावर करा.

विजेचा प्रश्न अधिक वाईट. लिहिणं चालू असताना वीज गेली की एसडी कार्ड बिघडू शकतं. लॉग रॅममध्ये वळवा, शक्य तर कार्ड ओव्हरलेने (बदल रॅममध्येच ठेवणाऱ्या सोयीने) केवळ-वाचनीय करा. आमचं स्पष्ट मत : साइट साध्या एचटीएमएल फाइलींची असेल तर ती गिटहब पेजेस या होस्टिंग सेवेवर ठेवा, १ जीबीपर्यंत जागा मिळते. रास्पबेरी पाय प्रयोगांना आणि बॅकअपला ठेवा.

प्रश्न : गावच्या नाट्यमंडळाचा डोमेन ज्या मुलाने घेतला, तो आता परदेशी आहे. काय करावं?
– वाचक, पेडणे

उत्तर : तो फोन उचलतो आहे तोवर खातं मंडळाकडे घ्या. सर्वांत सोपं म्हणजे त्याच रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) मंडळाचं खातं उघडून डोमेन त्यात सरकवायचा आणि नोंदणीचं नाव बदलायचं. नाव बदलल्यावर ‘.कॉम’ दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायला ६० दिवसांची बंदी लागू शकते, म्हणून मुदत संपायच्या तोंडावर हे काढू नका. मुदत संपून डोमेन-नाव रद्द झालं, तरी ३० दिवस ते जादा पैसे मोजून सोडवता येतं. त्यानंतरच्या ५ दिवसांत कुणालाच काही करता येत नाही, आणि मग ते बाजारात मोकळं होतं. नोंदणीत ई-मेल देताना त्याच डोमेनवरचा पत्ता देऊ नका. डोमेन बंद पडला की सूचनेची मेल त्याच बंद पेटीत जाते.