काचेवर न हलणारा ठिपका

प्रश्न : मुलीचं वैमानिक प्रशिक्षण सुरू आहे. भर दिवसा, स्वच्छ हवेत दोन शिकाऊ विमानं एकमेकांवर आदळतात कशी? एवढ्या आकाशात समोरचं विमान दिसत नाही?

उत्तर : आकाश मोठं आहे, पण शिकणारी विमानं सगळीकडे नसतात. ती धावपट्टीभोवतीच्या सर्किटमध्ये (उतरण्याआधीच्या ठरावीक चौकोनी फेरीत), बहुधा जमिनीपासून हजारेक फुटांवर, एकामागून एक फिरत असतात. त्यामुळे बहुतेक टकरी विमानतळाजवळ आणि चांगल्या हवेतच होतात, कारण उडायला सगळे तेव्हाच निघतात.

खरी गोम डोळ्यांत आहे. नजर हालचाल टिपते. दोन विमानं सरळ मार्गानं, न बदलत्या वेगानं टकरीच्या बिंदूकडे निघाली असतील, तर दुसरं विमान काचेवर एकाच जागी चिकटल्यासारखं दिसतं. ते पुढे सरकत नाही की मागे पडत नाही, नुसतं मोठं होतं आणि तेही अगदी शेवटी. दोघं प्रत्येकी १०० नॉट्सनं (ताशी सुमारे १८५ किलोमीटर) समोरासमोर येत असतील, तर अंतर सेकंदाला सुमारे १०३ मीटरनं घटतं. दिसल्यापासून विमान वळेपर्यंत १२.५ सेकंद जातात, असा अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाचा हिशोब आहे. त्यातले ५ सेकंद ‘हे आपल्यावरच येतंय’ हे उमगण्यात जातात, ४ निर्णयात आणि २ विमान वळण्यात. म्हणजे सुमारे १,३०० मीटरवरूनच ते दिसायला हवं. तिथून ११ मीटर पंखांचं सेसना १७२ हे छोटं शिकाऊ विमान पौर्णिमेच्या चंद्राएवढं रुंद दिसतं. चंद्रासारखं भरीव मात्र नाही, नुसती बारीक रेघ.

प्रश्न : मग बाहेर नेमकं बघायचं कसं? (एक प्रशिक्षणार्थी)

उत्तर : नजर सरसर फिरवू नका, फिरत्या नजरेला काही दिसत नाही. साधारण १० अंशांचा तुकडा घ्या, तिथे किमान एक सेकंद थांबा, मग पुढचा. निरभ्र आकाशात डोळे आपोआप एक-दोन मीटरवर स्थिरावतात, म्हणून अधूनमधून क्षितिजावरच्या एखाद्या खुणेकडे बघून त्यांना दूर न्या. खिडकीच्या खांबामागे अख्खं विमान लपतं, तेव्हा मान पुढे-मागे हलवा.

ज्या विमानाचे पंख केबिनच्या वर असतात, त्यात वळण्याआधी त्या बाजूचा पंख जरा उचलून पलीकडे पाहा. वळताना तोच पंख खाली येऊन बाजू झाकतो. चढताना नाकामुळे पुढचं दिसत नाही, म्हणून थोडं डावी-उजवीकडे वळत चढा. स्टॉलच्या (पंखांची उचल अचानक कमी होण्याच्या) सरावाआधी दोन्ही बाजूंना ९० अंश वळून जागा मोकळी असल्याची खात्री करा. शेजारी प्रशिक्षक असला की ‘ते बघतायत’ असं वाटतं, आणि ते तर तुमचे हात बघत असतात! बाहेर कोण बघणार, हे आधीच बोलून घ्या.

समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं.

प्रश्न : पडद्यावर आसपासची विमानं दाखवणारं यंत्र आणि रेडिओ असताना एवढी काळजी कशाला?

उत्तर : यंत्र उपयोगाचं आहे, जरूर वापरा. पण ज्यात ट्रान्सपॉन्डर (विमानाची ओळख-उंची रेडिओवरून कळवणारं यंत्र) नाही किंवा बंद आहे, ते विमान पडद्यावर दिसेलच याचा भरवसा नाही. रेडिओचंही तसंच. कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलला नियंत्रण मनोरा नाही. ऑगस्ट २०२२मध्ये तिथे सर्किटमधल्या सेसना १५२वर सरळ उतरायला आलेलं दुहेरी इंजिनाचं सेसना ३४० आदळलं आणि तिघांचा जीव गेला. दोन्ही वैमानिक रेडिओवर बोलत होते. पण ३४०चा वेग सुमारे १८० नॉट्स होता, म्हणजे सर्किटमधल्या छोट्या विमानापेक्षा खूपच जास्त.

म्हणून कोणी ‘फायनलवर (धावपट्टीच्या रेषेत, उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यावर) आहे’ म्हणालं आणि तुम्हाला दिसलं नाही, तर बेसवर, म्हणजे फायनलआधीच्या आडव्या टप्प्यावर, वळू नका. डाऊनविंड (धावपट्टीला समांतर, उलट दिशेचा टप्पा) लांबवा, ‘दिसत नाही’ असं रेडिओवर सांगा आणि त्याची उंची व अंतर विचारा.