परीक्षाच बदलली, आता माझ्या तयारीचं काय?

"मॅडम, त्यांनी परीक्षाच बदलली. माझे आठ महिने पाण्यात गेले." केतकी खुर्चीत बसायच्या आधीच हे बोलली. नाव अर्थातच बदललं आहे.

जून 2023 चा दुसरा आठवडा होता. केतकी मूळची सांगलीची, सिव्हिल इंजिनिअर. पुण्यात नोकरी करत रात्री जीआरईचा, म्हणजे परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेचा, अभ्यास करायची. अमेरिकेत जलसंपदा विषयात एमएस करायचं होतं आणि ऑगस्टअखेरची परीक्षेची तारीख घेऊन ठेवली होती. तेवढ्यात, 31 मे रोजी, परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेनं जाहीर केलं की 22 सप्टेंबरपासून जीआरई छोटी होणार. पावणेचार तासांची परीक्षा 1 तास 58 मिनिटांत संपणार. दोनऐवजी एकच निबंध, आणि व्हर्बल (इंग्रजी भाषा) व क्वांटचे (गणित) प्रत्येकी 40 ऐवजी 27 प्रश्न. गुणांत न धरला जाणारा जादा विभाग नाही, मधली दहा मिनिटांची सुट्टीही नाही.

इथे माझं चुकलं. "अगं, मग बरंच झालं की! निम्मी परीक्षा कमी झाली," असं मी म्हणून गेले. केतकी गप्प झाली. मग तिनं पिशवीतून दोनशे पानी वही काढून टेबलावर ठेवली. आत एकतीस निबंध होते, सगळे एकाच प्रकारचे. कुणीतरी केलेला युक्तिवाद द्यायचा आणि त्यातली गृहीतकं, कच्चे दुवे शोधायला सांगायचे, तो 'आर्ग्युमेंट' निबंध. समासात तिनं स्वतःच लाल शाईनं शेरे लिहिले होते. नव्या परीक्षेतून नेमका हाच निबंध काढला होता.

तिला माहिती नको होती, ती तिनं माझ्याआधी वाचली होती. कष्टानं केलेलं काहीतरी कुणीतरी सहज पुसून टाकलं, याचं तिला वाईट वाटत होतं. ते आधी कुणीतरी मान्य करायला हवं होतं. त्या दिवशी आम्ही निर्णयाचं काही बोललोच नाही. मी ती वही पानं उलटत वाचली. तिला एवढंच म्हटलं, की पुढच्या वेळी सराव परीक्षांचे सगळे कागद घेऊन ये.

हा अनुभव सांगायचं कारण म्हणजे हीच काळजी घेऊन मुलं सतत येतात. ऑगस्ट 2011 मध्ये जीआरईतून विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्या गेल्या, 200 ते 800 ची मोजपट्टी जाऊन 130 ते 170 ची आली, तेव्हा हजारो शब्द पाठ केलेली मुलं अशीच हताश झाली होती. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये एमबीएच्या प्रवेशासाठीची जीमॅटही बदलली. तिची तर गुणांची पट्टीच 205 ते 805 झाली, त्यामुळे जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी ठेवून बघताच येत नाहीत. जीआरईचं 2023 मध्ये तसं झालं नाही. पट्टी तीच राहिली, आणि जुने गुण पाच वर्षं चालतात हा नियमही तसाच राहिला.

दुसऱ्या भेटीला केतकीचे बाबा बरोबर आले. एसटीतून निवृत्त होऊन मुलीकडे राहायला आले होते. दर रविवारी सकाळी घड्याळ लावून ते तिच्या सराव परीक्षेला 'ड्युटीवर' बसायचे आणि सुट्टीच्या दहा मिनिटांत चहा द्यायचे. त्यांचा प्रश्न सरळ होता. "छोट्या परीक्षेचे मार्क तिकडचे लोक कमी दर्जाचे धरतील का हो?" मी सांगितलं, संस्थेनं जुने आणि नवे गुण तुल्य असल्याचंच सांगितलंय, विद्यापीठं दोन्ही सारखेच वाचतील.

केतकीची भीती वेगळी होती. "प्रश्न कमी म्हणजे एकेक चूक महाग. आणि पहिल्या बारा प्रश्नांवर दुसरा विभाग किती अवघड ते ठरणार." ही भीती खोटी नव्हती, आणि मी ती खोडली नाही. पण तिच्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, की नव्या परीक्षेत घाई जास्त होईल. म्हणून कागद घेतला आणि तिलाच भागाकार करायला लावला. जुनं व्हर्बल, 20 प्रश्न 30 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 90 सेकंद. नवं, 12 प्रश्न 18 मिनिटं. पुन्हा 90. जुनं क्वांट, 20 प्रश्न 35 मिनिटं, 105 सेकंद. नवं, 12 प्रश्न 21 मिनिटं. तिनं दोनदा तपासलं. 105 च. दुसऱ्या विभागांचंही जवळपास तेच आलं.

मग सहा सराव परीक्षांचे कागद टेबलावर ओळीनं मांडले आणि चुकलेल्या प्रश्नांवर पेन्सिलनं टिंबं दिली. चहाच्या सुट्टीच्या आधी टिंबं विरळ होती, शेवटच्या दोन विभागांत दाट. सहापैकी पाच कागदांवर हेच. "शेवटी शेवटी तिची मान दुखायला लागते," बाबा म्हणाले. केतकीनं वर पाहिलं. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यांनी रविवारी बसून पाहिलं होतं.

त्यानंतर कॅलेंडर उघडलं. तिची अर्जाची सगळ्यात लवकरची मुदत 15 डिसेंबरची होती. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात छोटी परीक्षा दिली तर आठ ते दहा दिवसांत निकाल. मनासारखे गुण नाही आले तर नियमाप्रमाणे 21 दिवसांचं अंतर ठेवून नोव्हेंबरात पुन्हा देता येणार होती. तारीख बदलायला वेगळे पैसे भरावे लागणार होते, ते बाबांनी तिथेच मान्य केलं. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका मुलाला मी उलटा सल्ला दिला. त्याचे गुण शेवटपर्यंत सारखे येत होते आणि सप्टेंबरपासून त्याचा प्रोजेक्ट सुरू होणार होता. त्यानं ऑगस्टची मोठी परीक्षाच द्यावी, असं मला वाटलं. परीक्षा बदलली की सरसकट 'थांबा' किंवा 'उरकून टाका' असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. स्वतःचे कागद आधी मांडून बघावेत.

आणि एक काम तिला घरी करायला दिलं. जिथे अर्ज करायचा त्या यादीतल्या सातही विद्यापीठ-विभागांची प्रवेशाची पानं स्वतः वाचायची, मैत्रिणीनं सांगितलं म्हणून काही धरून चालायचं नाही. ते अत्यंत गरजेचं होतं. दोन ठिकाणी जीआरई अनिवार्य निघाली, तीन ठिकाणी ऐच्छिक, आणि दोन ठिकाणी पाठवली तरी बघणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं. आठ महिने ज्या परीक्षेनं झोप उडवली होती, ती सातपैकी दोनच दारांवर सक्तीची होती. केतकी हे सांगताना रडली. हलकं वाटून रडली असावी, मी विचारलं नाही.

ऑक्टोबरात तिला क्वांटमध्ये 164 आणि व्हर्बलमध्ये 155 मिळाले. ऐच्छिक असलेल्या तीनपैकी दोन विभागांनी आधीच्या तुकडीची सरासरी दिलेली होती आणि तिचं क्वांट त्याहून वर होतं, म्हणून तिथे गुण पाठवले. तिसऱ्या ठिकाणी सरासरी तिच्याहून बरीच वर होती, तिथे पाठवले नाहीत.

नोव्हेंबरात ती एसओपीचा, म्हणजे हा विषय का शिकायचा ते सांगणाऱ्या अर्जासोबतच्या निवेदनाचा, मसुदा घेऊन आली. पहिलं वाक्य होतं, '2019 च्या सांगलीच्या महापुरानं मला जलसंपदा क्षेत्राकडे वळवलं.' त्यावर तिनं स्वतःच लाल शाईनं रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं, 'गृहीतक. पूर हजारोंनी पाहिला, सगळे इंजिनिअर झाले नाहीत. पुरावा काय?' खाली नवा परिच्छेद होता. पाणी ओसरल्यावर गल्लीतल्या भिंतींवर उरलेल्या चिखलाच्या रेघा तिनं टेपनं मोजल्या होत्या, वहीत उतरवल्या होत्या आणि पुढे कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये वापरल्या होत्या.

"हे शेरे लिहायला कुठे शिकलीस?" मी विचारलं.

तिनं पिशवीतून ती दोनशे पानी वही काढली. एकतिसाव्या निबंधानंतरच्या पानावर बत्तीस आकडा टाकून तिनं एसओपीचा तो मसुदा चिकटवला होता.