एफडी मोडण्याआधी गाडीचं नेमकं निदान करून घ्या

नमस्कार, तुमचा मेल दोनदा वाचला. 2012 ची मर्सिडीज सी 200 सीजीआय, तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली, 92 हजार किमी झालेत, सिग्नलला उभी असली की मधूनच थरथरते, आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा खालीवर होतो आणि मग आठवडाभर काहीच नाही. गॅरेजने कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी), इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा), थ्रॉटल बॉडी (आत जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) सगळं धरून 1 लाख 85 हजारांचं एस्टिमेट दिलंय. म्हणून तुम्ही विचारताय, 4 लाखांची एफडी मोडू का, की डीलर देतोय त्या 3 लाखांना गाडी देऊन 12 लाखांच्या लोनवर नवी घेऊ.

माझं स्पष्ट मत, आत्ता यातलं काहीच करू नका.

एस्टिमेटचा फोटो नीट बघा, त्यात तीन पार्ट आहेत पण तपासणीचा एकही आकडा नाही. म्हणजे अंदाजाने पार्ट बदलायचे आणि अंदाज चुकला तर पैसे तुमचे. मी स्वतः एका जुन्या गाडीवर असे 58 हजार घालवलेत, गॅरेजवाले दर महिन्याला नवा पार्ट टाकायचे आणि शेवटी दोष निघाला इंजिनातले वायू वाहून नेणाऱ्या, चिरलेल्या ब्रीदर पाइपमध्ये. ती चीर बोटाने पाइप वाकवल्याशिवाय दिसतच नव्हती. त्यामुळे तुमचा मेल वाचून मला खरंच काळजी वाटली.

आधी दहा दिवस एक वही ठेवा. थरथर थंड इंजिनला होते की तापल्यावर, एसी चालू असताना की बंद, डी (ड्राइव्ह) मध्ये की एन (न्यूट्रल) मध्ये, एवढंच लिहा आणि मोबाइलवर काट्याचा व्हिडिओ घ्या. काटा स्थिर आहे पण सीट थरथरतीये आणि एन ला टाकलं की कमी होतंय, तर बहुतेक इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिनाचे हादरे झेलणारे रबरी आधार, गेलंय, मग इंजेक्टरचा काय संबंध? काटाच हलत असेल तर पुढच्या तपासण्या. स्कॅनरवर नुसता दोषाचा कोड नाही तर फ्रीझ फ्रेम मागा, म्हणजे कोड पडला तेव्हाचं टेंपरेचर आणि आरपीएम कळतं. फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतो-कमी करतो तो आकडा) आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, खूप प्लसमध्ये आणि 2500 आरपीएमला नॉर्मल आला तर कुठूनतरी हवा ओढली जातीये, मग स्मोक टेस्ट करायला सांगा, त्यात पाइपमध्ये धूर सोडून गळती शोधतात. आणि कॉइलची शंका असेल तर तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर लावून बघायची, कोड पी0303 (तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे पेट्रोल नीट न पेटणं) चा पी0301 (पहिल्यात मिसफायर) झाला तर कॉइल खराब, नाही झाला तर कॉइल वाचली. याला नवा पार्ट लागत नाही, फक्त मेकॅनिकचा वेळ लागतो आणि तो त्याला जरूर द्या. सगळ्या तपासणीला मी 6 हजार धरलेत.

तुमच्या इंजिनच्या दोन गोष्टी मुद्दाम विचारा. एक, डायरेक्ट इंजेक्शन असल्याने (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं) इनटेक व्हॉल्व्हवर, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपांवर, कार्बन साचतो. दुसरी, टायमिंग चेन, म्हणजे झडपांची उघडझाप वेळेवर करवणारी इंजिनातली साखळी, सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड येते का ते बघा, येत असेल तर हिशोब पूर्ण बदलतो. (गाडी पावसाळ्यात आठवडाभर उभीच असते म्हणालात, इथेनॉलवालं पेट्रोल ओलावा धरतं, तेही मेकॅनिकच्या कानावर घाला.)

आता पैशाचं. घरखर्च आणि 34 हजारांचा होमलोन हप्ता मिळून तुमचं महिन्याला 78 हजार जातं, म्हणजे एफडी पाच महिन्यांची सोय आहे, त्यातून 1.85 काढले की पावणेतीन महिनेच उरतात, शिवाय मुदतीआधी मोडल्याचं व्याज कापलं जातं ते वेगळंच. मुलगी यंदा बारावीला आहे, पुढच्या वर्षी कॉलेजची फी एकदम उभी राहील, तेव्हा हीच एफडी लागणार. नवी गाडी म्हणाल तर 12 लाख, साडेनऊ टक्के, पाच वर्षं, हप्ता साधारण 25,200 आणि नुसतं व्याज 3 लाख 12 हजार. होमलोन धरून 1 लाख 10 हजारांच्या पगारातले 59 हजार हप्त्यांतच, हे मला अजिबात पटत नाही. आणि इन्शुरन्सचं विचारलंत, साध्या पॉलिसीत असा मेकॅनिकल बिघाड बसत नाही.

दुरुस्तीवर माझी मर्यादा 70 हजार, दिवाळीच्या बोनसमधून, एफडीला हात न लावता. तेवढ्यात गाडी ठीक होऊन दोन वर्षं चालली तर महिन्याला 2,900 पडतात. दोष चेनचा निघाला किंवा खर्च 70 च्या वर गेला तर रिपोर्टसकट विका, खरेदीदाराला दोष लपवू नका, आणि काही दिवस दुसरी साधी गाडी नाहीतर कॅब. आणखी एक, 2027 मध्ये गाडीला 15 वर्षं होतील, फिटनेस करून आरसी रिन्यू करावी लागेल, ग्रीन टॅक्स येईल आणि पीयूसीत पेट्रोल गाडीचा धूर आयडलवरही मोजतात, मिसफायर असताना एचसी (न जळलेलं इंधन, हायड्रोकार्बन) वाढतो, म्हणजे हा दोष तसाच ठेवून चालणारच नाही.

वही, काट्याचा व्हिडिओ आणि स्कॅनचा प्रिंट आला की मला पाठवा, डीलरला तोवर हो म्हणू नका, टोकनही घेऊ नका.