रजेचा अर्ज

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा हळदीला तू एकटीच आलीस. "जावई कामून नाही आले?" असं कुणीतरी विचारलं आणि तू लगेच म्हणालीस, "डेंगी झालाय त्यांना, सलाईन चालू आहे." संक्रांतीच्या वाणाला आलीस तेव्हाही डेंगीच होता. पाडव्याला टायफॉईड होता. तू उपकेंद्रावरची सिस्टर, तुझ्या तोंडून आजाराचं नाव आलं की पुढं कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. पण पंगतीत तू लेकरापुढचं ताट सारखं सरळ करत होतीस आणि फोन वाजला की दचकत होतीस. ते पाहिल्यापासून मला झोप नाही.

माझ्या कपाटात एक फाईल होती. आमचे हे शाळेत शिक्षक होते, हे तुला माहीत आहे. त्या फायलीत त्यांच्या रजेच्या अर्जांच्या नकला होत्या. "काल रात्रीपासून ताप व अंगदुखी असल्याने आज शाळेत उपस्थित राहू शकत नाही. तरी एक दिवसाची किरकोळ रजा मंजूर व्हावी, ही विनंती." अक्षर माझं. सही तेवढी त्यांची, तीही पेन धरून दिल्यावर केलेली. आजार मी ऋतू बघून लिहायची. पावसाळ्यात जुलाब, भादव्यात हिवताप, थंडीत दमा. मी नर्स, माझ्या हातचा अर्ज, त्यामुळं हेडमास्तरांनी कधी शंका घेतली नाही. किरकोळ रजा संपल्या की वैद्यकीय. एकदा फाईल काढून मोजले, तर एका वर्षात एकतीस अर्ज होते.

आत्याबाई, माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची, माय. घरातलं घरात ऱ्हाऊ दे." मलाही तेच शहाणपण वाटायचं. त्यांची नोकरी टिकवते आहे, घराची अब्रू राखते आहे, लेकराच्या बापाचं नाव चांगलं ठेवते आहे. मग एक दिवस महिन्याचे पैसे मागायला गवळी दारात आला. मी मोरीत भांडी घासत होते. ओसरीवर हे दारू पिऊन पडलेले, तोंडावर माशा बसलेल्या. आणि माझा सात वर्षांचा पोरगा दाराशी जाऊन सांगत होता, "पप्पांना ताप आलाय काका. आई दवाखान्यात गेलीय, उद्या या." त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. आवाज अगदी माझा होता, मी हेडमास्तरांशी एसटीडीवरून बोलायची तसा हळू, आजारी माणूस शेजारी झोपलाय असं वाटावं असा. माझ्या हातातलं पातेलं तिथंच राहिलं.

तुझी छकुली आता तीन वर्षांची आहे. म्हणून हे आजच लिहायला बसले.

सगळ्यात आधी एकच गोष्ट बंद कर. त्याच्या वतीनं खोटं बोलणं. चव्हाट्यावर मांड, असं मी म्हणत नाही. गावभर सांगत फिरायची काही गरज नाही. "ते आले नाहीत" एवढं वाक्य पुरतं. त्याच्या दुकानाला माल देणाऱ्याचा फोन आला तर "त्यांच्याशीच बोला" म्हण आणि फोन त्याच्या उशाशी ठेव. त्यानं काय सांगायचं ते त्याचं त्यानं ठरवू दे. पहिले आठ दिवस तुला आपण नवऱ्याशी दगाफटका करतोय असं वाटेल. मला तर पहिला अर्ज नाकारला त्या दिवशी ड्युटीवर इंजेक्शन भरताना हात कापत होते. हेडमास्तर तिसऱ्या दिवशी घरी आले. मी चहा ठेवला आणि म्हणाले, "सर, ते आत आहेत, तुम्हीच विचारा." त्या महिन्यात पगार कापला गेला. आत्याबाई माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. हे सगळं सोसावं लागतं, तुला खोटी आशा कशाला दाखवू?

दारू सोडवण्यासाठी मी काय काय केलं, ते तुला सांगते, म्हणजे तुझी वर्षं वाचतील. बाटली मोरीत ओतली. बाटलीत पाणी मिसळलं. देशीच्या दुकानदाराला जाऊन हात जोडले, उधार देऊ नका म्हणून. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. त्यांचे मामा कार्तिकीला पंढरपूरला घेऊन गेले, तुळशीची माळ घातली. ती सव्वादोन महिने टिकली. मग एका संध्याकाळी त्यांनी माळ काढली, डोळ्याला लावली, खुंटीला अडकवली आणि बाहेर पडले. माळ घालून प्यायचं नाही, एवढी भीड त्यांना होती. माळेनं ज्यांची सुटली अशी माणसं मी पाहिलीत, त्या श्रद्धेला मी नावं ठेवणार नाही. पण मनात पक्कं असूनही शरीर ऐकत नाही, तेव्हा ते पाप नसतं, तो आजार असतो. दवाखान्यात आपण जसं मधुमेहाला रागवत नाही, तसं हेही. फरक इतकाच की या आजारात औषध घ्यायचं की नाही ते रोग्यानं ठरवायचं असतं, आणि तू कितीही धावलीस तरी ते तुझ्या हातात येत नाही.

तुझ्या हातात काय आहे, ते बघ. मी वीस वेळा म्हणाले असेन, "आता प्यालात तर माहेरी जाईन." एकदा खरंच पिशवी घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी वडीलच परत आणून सोडून गेले. त्यानंतर माझ्या बोलण्याला त्या घरात किंमत राहिली नाही. "तुम्ही असं करा, नाहीतर बघा" ही धमकी झाली. ती दुसऱ्याच्या वागण्यावर टांगलेली असते. हद्द म्हणजे मी काय करणार, ते. म्हणून ती लहानच घे, पाळता येईल एवढीच. माझी पहिली हद्द ही होती: "पिऊन आलात तर मी वाढणार नाही आणि बोलणारही नाही. डबा झाकून ठेवलेला असेल. मी पोराला घेऊन आतल्या खोलीत झोपेन, कडी लावून." हे मी सकाळी सांगितलं, ते शुद्धीत असताना, चहाच्या वेळी, आवाज न चढवता. रात्री पिलेल्या माणसाला काही सांगू नये. ते त्याला सकाळी आठवत नाही, आणि आपल्याला मात्र जन्मभर आठवतं.

त्या रात्री त्यांनी दार वाजवलं. शिव्या दिल्या, मग रडले, मग माफी मागितली. मी कडी काढली नाही. पोरगा जागा होता, मी त्याला पाढे म्हणायला लावले. बाराच्या पाढ्याला तो झोपला.

आता पैशाचं. तुझं पगाराचं एटीएम त्याच्याकडे असतं, हे मला तुझ्या तोंडून एकदा निसटलेलं कळलं. ते परत घे. बँकेत जाऊन पिन बदल, मोबाईल नंबर स्वतःचा टाक. आणि पतसंस्थेच्या किंवा फायनान्सच्या कर्जाला त्याची जामीनदार म्हणून सही करू नकोस. तो म्हणेल, नुसती सहीच तर आहे. जामीनदाराकडून पूर्ण कर्ज वसूल करता येतं, अगदी पगारातूनही. आमच्या बचत गटातल्या दोघींचे संसार मी त्या सहीपायी मोडलेले बघितलेत. घरखर्च तू करशीलच. पण त्याची उधारी तू फेडू नकोस, दुकानात मालाचे पैसे थकले तरी.

दोन गोष्टी मात्र अशा आहेत, की तिथं तू नर्स आहेस हे विसरू नकोस. मी विसरले होते.

रोज पिणारा माणूस एकदम थांबला तर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, मळमळतं. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, नसलेलं दिसतं. यात माणूस दगावतो. आमच्याकडं चुलत्यांनी ह्यांना खोलीत कोंडलं, "तीन दिवस पिऊ देऊ नका, सुटती की नाही बघा" म्हणून. दुसऱ्या रात्री हे भिंतीवरच्या मुंग्या झटकू लागले. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. पहाटे झटका आला, जीभ चावली गेली. जीपमध्ये घालून अंबाजोगाईच्या मेडिकलला, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. म्हणून तुझ्या नवऱ्यानं उद्या "सोडतो" म्हटलं तर घरात सोडवू नकोस. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकलच्या मानसोपचार विभागात ने. गावात कुणी नुसती ग्लुकोजची बाटली लावायला निघालं तर आधी थायमिनचं (बी-1 जीवनसत्त्वाचं) विचार, ग्लुकोजच्या आधी ते गेलं पाहिजे.

दुसरी गोष्ट. बसस्टँडच्या भिंतीवर "न सांगता दारू सोडवा" लिहिलेलं असतं. तशी पुडी भाजीत घालायचा विचार तुझ्या मनात आला असेल, माझ्याही आला होता. अशा पुडीत काय असतं कुणालाच ठाऊक नाही. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असेल तर त्यावर दारू प्यायल्यावर रक्तदाब एकदम खाली जातो, छाती धडधडते, जीवही जाऊ शकतो. ते औषध डॉक्टरच्या देखरेखीखाली, रोग्याला सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायचं असतं. नवऱ्याच्या ताटात चोरून काही कालवायचं नाही, हीही एक हद्दच आहे, आपली आपल्यासाठी.

आणि हात उगारला, तुझ्यावर किंवा छकुलीवर, तर हे वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेव. तिथं समजावणं नाही, सकाळच्या चहाची वाट बघणं नाही. आधी बाहेर पड, शेजारी जा, 112 लाव. महिलांसाठी 181 आहे. 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यानं तुला राहत्या घरात राहायचा हक्क आहे, घर त्याच्या नावावर असो की सासऱ्यांच्या. पोटगी, लेकराचा ताबा, आणि गरज पडली तर त्यालाच घराबाहेर राहायला सांगायचा आदेश न्यायाधीश देऊ शकतात. अर्ज करायला संरक्षण अधिकारी मदत करतात. "दारूच्या नशेत मारलं, शुद्धीत असता तर मारलं नसतं" असं तुला सगळे सांगतील. मार लागणाऱ्या अंगाला नशा आणि शुद्ध यातला फरक कळत नाही.

आत्याबाईंबद्दल एक सांगते, कारण तुझ्या सासूबाईंवर तू चिडलेली आहेस. त्या लेकाला पाठीशी घालतात, हे खरं. आमच्या आत्याबाईंनीही चाळीस वर्षं आपल्या नवऱ्याचं झाकलं होतं. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. एका दुपारी शेंगा फोडताना त्या एकदम म्हणाल्या, "मी बी कडी लावली असती तर बरं झालं असतं का गं?" मला उत्तर सुचलं नाही. आम्ही शेंगा फोडत राहिलो. त्या दिवसापासून त्या माझ्याशी पुन्हा बोलू लागल्या.

माझ्या हद्दीमुळं ह्यांची दारू सुटली, असं मी तुला सांगणार नाही. ते भरती झाले, सुटली, सात महिन्यांनी पुन्हा धरली, पुन्हा भरती झाले. तिसऱ्यांदा सुटली ती राहिली. नेमकं कशानं, ते त्यांनाही सांगता आलं नाही. ते एए च्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस गटाच्या, बैठकीला दर आठवड्याला जायचे, पाऊस असो की लग्नसराई. सुटली नसती तरी माझी कडी, माझं पासबुक आणि माझा पोरगा माझ्यापाशीच राहिले असते, एवढं मात्र मला माहीत होतं.

तू एकटी या वाटेला लागलेली नाहीस. एए मधल्या माणसांच्या बायकांनी 1951 साली अमेरिकेत स्वतःचा वेगळा गट काढला, अल-अनॉन, कारण घरच्यांचंही काहीतरी दुखावलेलं असतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पुण्याच्या मुक्तांगण या 1986 पासून चालू असलेल्या व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी सहचरी गट आहे. नवरा तयार नसला तरी तू स्वतःसाठी बोलू शकतेस. टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा, नंबर 14416, व्यसनमुक्तीचा 14446. ड्युटीवरून घरी जाताना गाडी बाजूला लाव आणि एक फोन कर. रडू आलं तर येऊ दे.

त्याच्यावर प्रेम करू नकोस, असं मी कुठंच म्हटलेलं नाही, बरं का. मुंग्या झटकणारे ते हात मी रात्रभर धरून बसले होते.

येत्या रविवारी ये. पासबुक आण, एटीएम मिळालं तर तेही. सोमवारी मी तुझ्याबरोबर बँकेत येते, आणि मंगळवारी मेडिकलची ओपीडी आहे. तो येत असेल तर तिघं जाऊ, नाहीतर आपण दोघी जाऊन डॉक्टरांना विचारून येऊ. छकुलीलाही आण. आंब्याला पाड लागलाय.

तुझी,
मावशी