चाकावरच्या प्लॅस्टिकचे काम काय?

प्रश्न : त्र्यंबकेश्वरहून पावसात परतताना गाडीच्या पुढच्या डाव्या चाकापाशी घासल्याचा आवाज येऊ लागला. मडगार्डच्या आतले काळे प्लॅस्टिक लोंबत होते. गॅरेजवाल्याने ते काढून टाकले आणि ‘याच्यावाचून काही अडत नाही’ असे सांगितले. हे खरे आहे का? (एक वाचक, सातपूर, नाशिक)

उत्तर : गाडी त्याच्यावाचून चालते, एवढ्यापुरतेच ते खरे आहे. ‘फेंडर लायनर’ नावाचे हे अस्तर चाकाने उडवलेला चिखल, पाणी आणि खडी अडवते. ते नसेल तर ओला चिखल पत्र्याच्या सांध्यांत साचतो, तिथे ओल धरून राहते आणि रंगाखालून गंज चढतो. पुढच्या चाकांच्या अस्तरामागे अनेक गाड्यांत वायरिंग, हॉर्न किंवा काच धुण्याच्या पाण्याची (वॉशरची) टाकीही असते, त्यामुळे तिथला धोका अधिक.

बहुतेक वेळा अस्तर फाटलेले नसते, दोन-चार क्लिपा तुटलेल्या असतात, आणि त्या स्वस्तात मिळतात. मात्र तारेने बांधण्याचा आपल्याकडचा सर्रास उपाय टाळावा, कारण तार प्लॅस्टिक कापते आणि सुटली तर टायरला लागते. पावसाळा संपल्यावर स्टिअरिंग पूर्ण वळवून, अस्तराच्या कडेला अडकलेला पालापाचोळा व वाळलेला चिखल हाताने काढावा, मग साध्या दाबाच्या पाण्याने धुवावे. प्रेशरचा फवारा जवळून मारल्यास कडा उचकटतात. काही गाड्यांत मागच्या चाकांपाशी नमद्यासारखे कापडी अस्तर असते, त्याला वाळायला वेळ द्यावा.

काढलेला तुकडा गॅरेजमध्ये असल्यास आधी तोच परत मागावा.