दहा वर्षांच्या मुलाचं वजन ५२ किलो आणि शाळेच्या तपासणीत बीपी १२४/८२ आलं. आजी म्हणते बाळसं आहे, वयात आला की उतरेल. काळजी करावी का?

घाबरू नका, पण आजींचं ऐकून सोडूनही देऊ नका. मोठ्यांचा १२०/८० चा हिशोब इथे लागू नाही. तेरा वर्षांखालच्या मुलांचं बीपी वय, लिंग आणि उंचीच्या तक्त्यावर बघतात, आणि दहाव्या वर्षी १२४/८२ जास्तच आहे.

मात्र आधी बीपी मोजताना दंडाला कोणता पट्टा बांधला होता ते विचारा. जाड दंडावर लहान पट्टा बांधला की आकडा फुगतो. पट्ट्यातल्या फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के हवी. मूल पाच मिनिटं शांत बसलेलं, पाठ टेकलेली, उजवा हात हृदयाच्या पातळीवर. असं तीन वेगवेगळ्या भेटींत जास्त आलं, तरच हाय बीपी म्हणायचं. एका मोजणीवर गोळी सुरू करू नका.

वजनाचा संबंध खरा आहे. चरबी वाढली की इन्सुलिन वाढतं, मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, दाब चढतो. आता आपल्या इंदूरची गोष्ट: सकाळी पोह्यांवर सेव, संध्याकाळी पुन्हा नमकीन, जेवताना पापड-लोणचं. पोहे राहू द्या, सेवेचा डबा तेवढा टेबलावरून उचला. उपाशी ठेवू नका; वाढत्या मुलाचं वजन आहे तिथेच थांबलं तरी उंची वाढेल तसा फरक पडतो. रोज तासभर घाम येईल असं खेळू द्या. घोरत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. डोकं फार दुखणं, धूसर दिसणं, लघवी लाल होणं यातलं काही असेल तर त्याच दिवशी दाखवा.