कपाट नको, कडी लावा

पत्र, थोडक्यात: "वय 41, लग्न झालेलं नाही, बँकेत नोकरी. बाबा गेल्यापासून मी आणि आई दोघीच. ती माझा फोन बघते, मला उशीर झाला की जेवत नाही, नवी साडी घेतली तर 'कुणासाठी?' विचारते. बाबांची खोली सहा वर्षं बंद आहे, आम्ही दोघी एकाच खोलीत झोपतो. गेल्या महिन्यात ती झोपल्यावर 'द पियानो टीचर' हा सिनेमा पाहिला आणि घाबरले. वाटलं, त्यातली एरिका म्हणजे मीच. एका सहकाऱ्याबद्दल मनात खूप काही आहे. त्याला सहा पानी पत्र लिहून बँकेतल्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय. त्यात अगदी सगळं लिहिलंय. देऊ का? कधी कधी स्वतःला इजा करावीशी वाटते. माझ्या डोक्यात बिघाड आहे का?"

प्रिय मैत्रिणी,

पत्र आत्ता देऊ नका. आणि बिघाडाचं म्हणाल तर कुणाची ओढ वाटणं हा आजार नाही. ना एकविसाव्या वर्षी, ना एकेचाळिसाव्या.

हा सिनेमा मी दोनदा पाहिला, दोन्ही वेळा रात्रभर झोप लागली नाही. एल्फ्रीड येलिनेक यांच्या 1983च्या कादंबरीवरून मिखाएल हानेके यांनी तो 2001मध्ये केला. कान महोत्सवात इझाबेल युपेर यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. काही जण त्याला घाणेरडा म्हणतात, मला ते पटत नाही. शरीराचं बरंचसं तिथे चौकटीबाहेर घडतं, आपण बघत राहतो तो त्या बाईचा चेहरा.

सुरुवात आठवते? व्हिएन्नातली पियानोची नावाजलेली प्राध्यापिका एरिका घरी उशिरा येते, आई तिची पर्स उचकते, नवा ड्रेस सापडतो आणि झटापटीत फाटतो. मग दोघी रडतात आणि शेजारीशेजारी झोपतात. तुमच्या साडीचं वाचलं तेव्हा मला हेच दिसलं. हीच एरिका वर्गात संगीतकार शुबर्टचं एक गाणं शिकवते. त्यात रात्री गावात कुत्री भुंकतात, साखळ्या खळखळतात आणि माणसं बिछान्यात पडून आपल्याला न मिळालेल्या गोष्टींची स्वप्नं बघतात. त्यातला स्वर न् स्वर तिला कळतो. स्वतःला काय हवंय, हे मात्र तिने जन्मात कुणाला साध्या शब्दांत सांगितलेलं नसतं.

म्हणून ती आपल्या विद्यार्थ्याला, वाल्टरला, पत्र लिहिते. वाल्टर तिच्यामागोमाग घरी येतो, खोलीला कुलूप नाही म्हणून दोघं दाराशी कपाट सरकवतात, बाहेर आई, आणि तो ते पत्र वाचतो. वर्षानुवर्षं दाबलेलं सगळं एकदम एका तरुण मुलाच्या हातात. त्याला किळस येते, तो निघून जातो. पुढे परत येतो तेव्हा तिचेच शब्द तिच्यावर फेकत तिला मारतो, तिच्यावर बलात्कार करतो. तो गुन्हा त्याचा, तिच्या पत्राचा नव्हे. तुमचा सहकारी असा असेल असं मी म्हणत नाही. पण तो कसा आहे, हे तुम्हाला तरी कुठे माहीत आहे? सहा पानं लिहिलीत, पण त्याच्याबरोबर कधी चहा प्यायल्याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. तो मोकळा आहे की संसारी, तेही नाही.

तेव्हा आधी बाबांची खोली उघडा. रविवारी झाडून घ्या, त्यांच्या वस्तू आईबरोबर बसून आवरा. त्या वेळी दोघींनाही रडू येईल, येऊ द्या. मग तिथे पलंग टाका आणि आतून कडी बसवून घ्या, सुताराचं अर्ध्या तासाचं काम. आईला एवढंच सांगा, "आजपासून मी या खोलीत झोपणार आहे." कारणं देत बसू नका, कारणांवर वाद होतो. ती जेवणार नाही. तिचं ताट वाढून झाकून ठेवा आणि तुम्ही जेवा. पहिल्या रात्री ते फार जड जाईल. तुमची आई दुष्ट नाही, नवरा गेल्यापासून ती एकटेपणाला घाबरलेली बाई आहे. पण तिची भीती दूर करायला तुम्ही तिच्या शेजारी जन्मभर झोपायचं, हा तोडगा नव्हे. फोनला पासवर्डही घाला.

सहकाऱ्याला चहाला विचारा. दहा मिनिटं, बँकेसमोरच्या टपरीवर. पुढचं पुढे.

ती सहा पानं फाडू नका, ती समुपदेशकाकडे न्या. ज्या माणसाचं कामच ऐकणं आहे, त्याने ती आधी ऐकावीत. इजेबद्दल एकच ओळ लिहून तुम्ही पुढे गेलात, मी जाऊ शकत नाही. एरिकाही न्हाणीघरात स्वतःला कापून घेते आणि कुणाला कळत नाही. तुम्ही निदान मला सांगितलंत. तसं पुन्हा वाटलं तर त्याच क्षणी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. या आठवड्यातच मानसोपचारतज्ज्ञाची वेळही घ्या.

आणि ती साडी पेटीत ठेवली असेल तर बाहेर काढा. सोमवारी नेसून जा. कशी दिसली, ते मला कळवा.